एकशे पाचवी

१६ ऑगस्ट, बुधवार

शाळा सुरू झाली. नववी ते बारावी मिळून पट त्र्याण्णव. गेल्या वर्षी शहात्तर होता! गावात एक नवं घर बांधलेलं नाही, पण जुन्या ड्राइव्ह-इन थिएटरमागच्या माळावर ट्रेलरची, म्हणजे चाकांवरच्या घरांची, अख्खी वस्ती उभी राहिलीय. पवनचक्क्या उभारायला आलेली माणसं. बायकापोरांसकट आलीत.

यात माझाही हात आहेच. उन्हाळाभर मी त्या वस्तीत ओव्हनमध्ये भाजलेल्या चिकन-भाताच्या कॅसरोलचे ट्रे आणि प्रवेशाचे फॉर्म घेऊन हिंडले. माझा कॅसरोल खाल्लेला माणूस फॉर्म भरायला नाही म्हणत नाही, हा शाळेच्या कचेरीतला माझा एकतीस वर्षांचा अनुभव.

दुपारी वेंडेल आला. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. आमचा फुटबॉलचा कोच, इतिहासाचा शिक्षक आणि दोन नंबरच्या बसचा ड्रायव्हर. "मावशी, किती झाले?" मी आकडा सांगितला तर मटकन खुर्चीत बसला.

नव्या गणिताच्या शिक्षिकेला कळेना की पोरं वाढली तर रडायचं कशाला. मग तिला सांगितलं. दर दोन वर्षांनी ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी राज्याची क्रीडा संघटना प्रत्येक शाळेचा पट मागवते. त्या एका दिवसाच्या एका आकड्यावर पुढची दोन वर्षं कोण कुणाशी खेळणार ते ठरतं. पट एकशे चारपर्यंत असेल तर सहाजणांचा फुटबॉल, ऐंशी यार्डांचं मैदान. एकशे पाच झाला की अकराचा, शंभर यार्डांचं. आमच्या संघात पोरं पंधरा. सहाच्या खेळाला पंधरा म्हणजे चैन आहे. अकराच्या खेळाला पंधरा म्हणजे पाचजणांना ताप आला की खेळ खलास.

"शिवाय मोठ्या शाळा आपली चटणी करतील," वेंडेल म्हणाला. "आणि टू मेसाशी सामना बंद."

टू मेसा म्हणजे चाळीस मैलांवरचं ते आगाऊ गाव. माझा नवरा डॉइल कोच होता तेव्हापासून त्यांच्याशी आमचं हाडवैर. त्यांची तोंडं बघावी लागणार नसतील तर बरंच की! तरी दुपारभर माझं टायपिंग चुकत होतं.

५ सप्टेंबर, मंगळवार

पट नव्याण्णव.

आज ऑरिन बेकवर्थ आला होता. टू मेसाच्या शाळेची बस चालवतो, आणि सामन्यात त्यांची गुणांची वही लिहितो. त्यांच्याकडे सामना असला की त्यांचं घड्याळही तोच चालवतो. आमच्याकडे सामना असला की मैदानावरच्या लाकडी खोपीत मी घड्याळावर, आणि शेजारी तो वही घेऊन. इतकी वर्षं बसतोय, पण बोलणं 'यार्ड किती' आणि 'कॉफी घ्या' यापलीकडे कधी गेलं नाही. चार वर्षांपूर्वी त्याची बायको गेली तेव्हा मी एक कॅसरोल पाठवला होता, तेवढंच.

म्हणे मैदानावर पांढऱ्या रेघा मारायच्या मशीनची तोटी तुंबलीय, तुमची उसनी देता का. एका तोटीसाठी चाळीस मैल! बरोबर पेकनची पिशवी, आमच्याकडचे ते अक्रोडासारखे, सोललेले. आणि जाता जाता अगदी सहज, "वेल्डाबाई, यंदा पट किती आहे हो तुमचा?"

चोराच्या मनात चांदणं! मी म्हटलं, "आहेत पोरं, पुरेशी आहेत."

वेंडेलला सांगितलं की टू मेसाने हेर पाठवला होता. तो हसत सुटला. "मावशी, हेर लोक शर्टाला इस्त्री करून येत नाहीत."

"पक्के असतात ते येतात," मी म्हटलं.

पेकन मात्र चांगले होते.

२५ सप्टेंबर, सोमवार

पट एकशे तीन. काल संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये खेळ समर्थक मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष लॉइड ग्रिम्सली, जनावरांच्या खाद्याचं दुकान आणि शाळेला लागून कापसाचं शेत, त्याचे दोन मुलगे संघात. सगळ्यांनी मलाच धारेवर धरलं. "वेल्डाचा कॅसरोल बंद करा! दर ट्रेमागे दोन पोरं वाढतात!" लोक पोट धरून हसत होते. मीही हसले. पण वेंडेल हसत नव्हता. यंदाचा संघ वीस वर्षांतला सर्वांत चांगला आहे आणि त्यातली निम्मी पोरं पुढची दोन वर्षं असणार आहेत. ती अकराच्या खेळात मार खाणार, हे त्याला बघवत नाही. बैठकीनंतर गाडीपर्यंत माझ्याबरोबर आला. "मावशी, फक्त ऑक्टोबर संपेपर्यंत. तो ट्रे कपाटात ठेव आणि कुलूप लाव."

लहानपणी याच्या आईला कामावर उशीर व्हायचा तेव्हा हा माझ्या स्वयंपाकघरात बसून अभ्यास करायचा. त्याला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

म्हणून आज मीच एक युक्ती काढली. कचेरीच्या खिडकीवर आतून पाटी चिकटवली, माझ्या सुंदर अक्षरात: 'नवीन प्रवेशासाठी कृपया एक नोव्हेंबरनंतर यावे. घाई नाही.' खाली एक हसरा सूर्य काढला. खोटं काहीच नाही त्यात. कुणाला नाही म्हटलेलं नाही, नंतर या म्हटलंय. लॉइडने येऊन पाटीचा फोटो काढला आणि म्हणाला, "वेल्डा, तू तर वकील व्हायला हवी होतीस."

मला जरा बरंच वाटलं.

२ ऑक्टोबर, सोमवार

पट एकशे तीन. पाटी कामाला आली, आज नवं कुणी आलं नाही. दुपारी खिडकीबाहेर कोणीतरी थोडा वेळ उभं होतं. मी फोनवर होते. मान वर केली तोवर गेलेलं.

१० ऑक्टोबर, मंगळवार

पट एकशे चार. शेरीफकडे त्याच्या बहिणीचा मुलगा राहायला आलाय. आता शेरीफला पाटी कोण दाखवणार! आता काठावर आहोत. एक जरी पोर वाढलं तरी गेलोच.

ऑरिन बेकवर्थ तोटी परत करायला आला. तोटी धुऊनपुसून, फडक्यात गुंडाळून. मग म्हणाला, आकडे रंगवायचे साचे आहेत का तुमच्याकडे, आमचा 'तीन' मोडलाय. दिला 'तीन'. पाटीकडे बघत बराच वेळ उभा राहिला. मग विचारलं, "ही पाटी कधीपासून?" मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" तर कान लाल झाले त्याचे. 'तीन' काखेत घेतला. गेला.

वेंडेल म्हणतो, त्या माणसाला एकदा बसवून कॉफी तरी दे. शत्रूला कॉफी! या पोराला लढाई कशाशी खातात ते माहीत नाही.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

ऑरिन पुन्हा आला. 'तीन' परत केला. पीचच्या जॅमची बरणी दिली. टोपी हातात फिरवत म्हणाला, "वेल्डाबाई, एक सांगायचंय. तुमच्या त्या ड्राइव्ह-इनमागे एक मुलगी दिसते. मी इकडे येतो तेव्हा दर वेळी. शाळेच्या वेळेत. उलट्या बादलीवर बसून वाचत असते, अंगाखांद्यावर दोन लहान पोरं. पंधरा-सोळाची असेल."

माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. टू मेसाचा पट सत्त्याण्णव, ते सहाच्या खेळातच राहणार. आमची एक पोर वाढली की आम्ही गटाबाहेर, मग यांना रान मोकळं! म्हटलं, "तुमच्या गावातली पोरं मोजा ना आधी."

तो म्हणाला, "मोजली. म्हणूनच दिसली." आणि निघून गेला. जॅम घ्यायला नको होता. दोन पाव संपले.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

पाच दिवस ती बादली डोक्यातून जाईना. शेवटी आज जेवणाच्या सुट्टीत गेले. ट्रे नेला नाही. नुसतं बघून यायचं, हेर खोटारडा आहे एवढीच खात्री करायची, असं ठरवून गेले.

खोटारडा नव्हता. बादली होती, तिच्यावर मुलगी होती, मांडीवर दोन वर्षांचं एक आणि पायाशी चार वर्षांचं एक. हातात जीवशास्त्राचं पुस्तक, दक्षिणेकडच्या सीमेलगतच्या कुठल्या तरी शाळेचा शिक्का मारलेलं. नाव नायेली बारियेंतोस. वडील पवनचक्कीवर वेल्डर, आई वृद्धाश्रमात कामाला. मोठी सभ्य पोर. उठून उभी राहिली आणि मला बादली दिली बसायला.

मी विचारलं, "अगं, शाळेत का येत नाहीस?"

"येणार आहे बाई. एक तारखेनंतर."

मला वाटलं घरची काही अडचण असेल. "एक तारखेला काय आहे?"

ती जरा गोंधळली. "तुमच्याच खिडकीवर लिहिलंय ना? जुन्या शाळेचे कागद आले तशी मी आले होते दोन तारखेला, सगळे घेऊन. आईने एका दिवसाची सुट्टी काढली होती भावांसाठी. पाटी वाचली. म्हटलं जागा नसेल." मग मला वाईट वाटू नये म्हणून की काय, म्हणाली, "सूर्य छान काढलाय."

मेले मी शरमेने.  तीन आठवडे! दोन तारखेला खिडकीबाहेर उभी होती ती हीच. एकतीस वर्षं मी या गावात पोरांना दंड धरून शाळेत आणते म्हणून मिरवते, आणि एक पोर आपल्या पायांनी दारात आली तर तिला माझ्या सुंदर अक्षराने परत पाठवलं.

तिची फाइल बघितली. लशी, गुणपत्रक, जन्माचा दाखला, सगळं नीट लावून ठेवलेलं. भावांचं काय, विचारलं. चर्चच्या बालवाडीत दोन जागा आहेत हे मला माहीत होतं. तिथून फोन लावला आणि मिळवल्या.

"उद्या सकाळी आठ वाजता ये," मी म्हटलं.

"पण एक तारीख..."

"ती पाटी लिहिणारी बाई मूर्ख आहे. मी ओळखते तिला."

पोर हसली. आणि मी गाडीत येऊन बसले तेव्हा कळलं की मी काय करून आलेय. एकशे पाच.

२५ ऑक्टोबर, बुधवार

नायेली आठला दहा मिनिटं कमी असताना हजर. सव्वाआठला वेंडेल.

मी सगळं सांगितलं. तो खिडकीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मावशी, तीन दिवस. शुक्रवार जाऊ दे. सोमवारी नाव घाल. पोरगी तीन आठवडे थांबलीय, आणखी तीन दिवसांनी काय बिघडतं? वर्गात बसू दे, पुस्तकं दे. फक्त नाव सोमवारी."

खरं सांगते, मला मोह झाला. रात्री मीही हाच हिशेब करत पडले होते. तिला कळणारही नाही, कुणालाच कळणार नाही. पंधरा पोरांचा संघ वाचेल, वेंडेलचं वर्ष वाचेल, टू मेसाचा सामना वाचेल. तो सामना गेला तर मला इतकं का लागावं, कुणास ठाऊक. तो खोपीतला कॉफीचा वास, शेजारी पेन्सिलीचा आवाज. सवयीचा परिणाम असणार.

पण मी म्हटलं, "वेंडेल, तू सहावीत असताना माझ्या स्वयंपाकघरात बसायचास. समज मी तेव्हा दारावर पाटी लावली असती, सोमवारी ये म्हणून?"

तो उठला. मला वाटलं रागावून चाललाय. तो खिडकीशी गेला आणि नखाने खरवडून खरवडून पाटी काढली. चिकटपट्टी निघेना तर खिशातला चाकू काढला. "इतकी घट्ट कशाला लावलीस?" म्हणाला. मग बाहेर जाऊन नायेलीशी हात मिळवला. "मी कोच टॅनहिल. इतिहास माझ्याकडे आहे. तीन आठवड्यांच्या टिपा मी स्वतः देतो."

नाव घातलं. पट एकशे पाच. लॉइडला अजून सांगितलेलं नाही, पण या गावात सांगावं कुठे लागतं!

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

काय दिवस गेला! हात दुखतोय तरी लिहिते.

सकाळी नऊपर्यंत आठ घरांतून फोन. पोराला ताप आलाय, शाळेत येणार नाही. आठच्या आठ घरं समर्थक मंडळाची. आठवा फोन लॉइडचा, दोन्ही मुलं तापाने फणफणलीत, आणि मागून टीव्हीवरचं कार्टून ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "लॉइड, हे काय चाललंय?"

तो दबक्या आवाजात म्हणाला, "वेल्डा, तू काळजी करू नकोस. आज डोकी मोजतात ना? एकशे पाचातून नऊ गेले, राहिले शहाण्णव. सगळं मंडळाने जमवलंय. तुला खोटं लिहायलाच नको!"

उंटावरचा शहाणा! मी म्हटलं, "अरे बाबा, डोकी नाही मोजत, पट मोजतात. नाव दाखल असलं की झालं. मग पोरगं वर्गात असो की चंद्रावर."

पलीकडचं कार्टून बंद झालं.

"आणि दुसरं," मी म्हटलं, "सकाळच्या हजेरीला नसलेल्या पोराला संध्याकाळी खेळता येत नाही. डॉइलचा नियम. आज संध्याकाळी टू मेसाशी सामना आहे. तुझ्या नऊ तापकऱ्यांपैकी सहा संघातले आहेत."

लॉइडने फोन ठेवला नाही, त्याच्या हातातून पडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दहा वाजता नऊही पोरं ठणठणीत बरी होऊन कचेरीत हजर, पाठीमागे लॉइड, हातात टोपी. "वेल्डा, ताप उतरला गं!"

"देवाची कृपा," मी म्हटलं. "पण हजेरी आठला लागते."

वेंडेलने ऐकलं तेव्हा आधी ओरडला, मग हसायला लागला. थांबेचना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला बिचारा.

दुपारी तीनला मी आकडा पाठवला. एकशे पाच.  

संध्याकाळी अख्खं गाव मैदानावर. आमच्याकडे नऊ पोरं, टू मेसाकडे सतरा. लॉइड चिप्सवर चिली घालून विकायच्या टपरीत उभा होता, शिक्षा म्हणून त्यानेच मागून घेतली. येणारा जाणारा विचारत होता, "लॉइड, ताप कसा आहे?"

नायेलीला मी खोपीत मदतीला घेतलं होतं. तिच्या घरी फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा गोल चेंडू, आमचा हातात धरून पळायचा अंडाकृती. पण नजर अशी तेज की धुळीतून पोरांच्या पाठीवरचे नंबर ओळखून सांगायची. शेजारी ऑरिन, वही उघडून. त्याला मी आल्या आल्या सांगितलं, "खूश ना? एकशे पाच झाले. आता आमची कटकट गेली तुमच्या मागची."

तो म्हणाला, "मुलगी शाळेत आली?"

"ही काय, बसलीय."

त्याने नायेलीला टोपी काढून नमस्कार केला. मग मला म्हणाला, "मग झालं तर." पण चेहरा काही खूश माणसाचा नव्हता.

आमच्या नऊ पोरांनी जीव काढला. चौपन्न-पन्नासने हरलो. शेवटच्या मिनिटाला चेंडू त्यांच्या रेषेपासून तीन यार्डांवर होता! हरूनही गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी रडत होते, ते चिलीतल्या मिरचीने.

दिवे मालवताना ऑरिन दाराशी रेंगाळला. "एकतीस वर्षं," म्हणाला. "तुम्ही कधी एक सेकंद चुकला नाहीत घड्याळात." मी म्हटलं, "तुम्हीही कधी गुण चुकवले नाहीत." त्यावर तो का हसला कळलं नाही.

घरी सोडताना गाडीत नायेली म्हणाली, "बाई, ते काका वहीत काहीच लिहीत नव्हते. पान कोरं होतं. नुसते तुमच्या घड्याळाकडे बघत होते."

बघा! जाता जाताही माझी चूक शोधत होता. सापडली असेल तर शपथ.

१ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी संघटनेची यादी आली. आमची शाळा, हार्लन वेल्स: अकराचा फुटबॉल. आमच्या नव्या गटातल्या बाकीच्यांत सर्वांत लहान शाळेचा पट एकशे साठ. टू मेसा सहाच्या खेळातच. सामना नाही.

अपेक्षितच होतं. तरी यादी दोनदा वाचली, चुकून कुठे टू मेसाचं नाव असेल म्हणून.

दुपारी पवनचक्कीच्या आणखी दोन कुटुंबांची पोरं दाखल केली. पट एकशे अकरा. आता कसली भीती! कपाटाचं कुलूप काढलं, ट्रे घासला.

ऑरिन नोव्हेंबरपासून आलेला नाही. उसनं मागायला आता राहिलंय काय म्हणा. पीच जॅमची बरणी धुऊन ठेवलीय, परत द्यायला हवी. चाळीस मैल एका बरणीसाठी जाणं बरं दिसत नाही.

१३ एप्रिल, शनिवार

मैदान शंभर यार्डांचं करायचं तर कुंपण वीस यार्ड पुढे सरकवायला हवं, म्हणजे थेट लॉइडच्या कापसात. बैठकीत हा विषय निघाला. लॉइड उठला, म्हणाला, "घ्या. माझ्या तापाचं औषध समजा." आज सगळ्या गावाने मिळून कुंपण हलवलं. नायेलीच्या वडिलांनी गोलचे नवे खांब जोडून दिले, फुकट. तिच्या आईने टमाल्यांचं पातेलं आणलं. मक्याच्या पिठाच्या, केळीच्या पानात गुंडाळलेल्या, वाफाळत्या. माझा कॅसरोल आज पहिल्यांदा उरला, आणि मला राग आला नाही. मी स्वतः सहा खाल्ल्या.

संघात आता चोवीस पोरं आहेत. ट्रेलरवस्तीतली नऊ.

३० ऑगस्ट, शुक्रवार

अकराच्या खेळातला पहिला सामना. हरलो, सहा विरुद्ध एकेचाळीस. ते आधी लिहून टाकते, कारण लिहायचं वेगळंच आहे.

आमचे सहा गुण दुसऱ्या सत्रात झाले. शेरीफचा भाचा नव्या वीस यार्डांतून, जिथे गेल्या वर्षी कापूस होता तिथून पळत गेला. असा गलका झाला की पलीकडच्या संघाला वाटलं आम्ही जिंकलोच. वेंडेल लॉइडला मिठी मारून नाचत होता.

तेवढ्यात खोपीचं दार वाजलं. ऑरिन बेकवर्थ. इस्त्रीचा शर्ट, हातात पेकनची पिशवी.

मी म्हटलं, "तुम्ही? आज टू मेसाचा सामना नाही?"

"आहे ना."

"मग त्यांचं घड्याळ? वही?"

"घड्याळ भाचीला शिकवलं. सगळा उन्हाळा त्यातच गेला. वही..." त्याने पिशवी खाली ठेवली. "वहीत गेली चार वर्षं मी काही लिहीतच नव्हतो. कोच घरी जाऊन व्हिडिओवरून लिहितात."

नायेलीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वयाने तिच्यापेक्षा लहान आहे.

तो दाराशी उभाच. "एक कबूल करायचंय. ती मुलगी मला सप्टेंबरातच दिसली होती. मला वाटलं आता येईल शाळेत, मग येईल. तुमची पाटी बघितली तेव्हा कळलं का येत नाही. पण मी ते सांगितलं तर तुमचा पट वाढणार, तुम्ही गटाबाहेर जाणार, आणि मला या खोपीत यायला कारणच उरणार नाही. म्हणून आणखी नऊ दिवस गप्प बसलो. मग स्वतःची लाज वाटली. तिची जागा माझ्या कारणापेक्षा मोठी होती." टोपी हातात गोल फिरवत होता. "नंतर दहा महिने विचार करतोय, दुसरं कारण काय काढावं. काही सुचेना. तेव्हा म्हटलं, कारणाशिवायच जावं. वेल्डा, बसू का?"

मला बत्तीस वर्षं सगळे वेल्डाबाई म्हणतात, नाहीतर मावशी. नुसतं वेल्डा म्हणणारा डॉइल गेला त्याला बारा वर्षं होतील. लॉइड आणि त्याचे मंडळवाले म्हणतात, ते धरत नाही. पाटी मी लिहिली, नऊ दिवस हा गप्प बसला, आणि त्या दोघांच्या मध्ये ही पोर बादलीवर बसून जीवशास्त्र वाचत होती. हे सगळं एकदम मनात आलं. आणि तोटी आली, 'तीन' आला, आणि वेंडेलचं ते हसणं आलं. एवढ्या मोठ्या कचेरीची मी कारकून, सगळ्या गावाची नोंद माझ्याकडे, आणि हे एवढं मला वाचता येऊ नये!

मी काहीतरी छान बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "तुमची बरणी धुऊन ठेवलीय."

"ठेवा," तो म्हणाला. "रविवारी घ्यायला येईन." आणि शेजारी बसला, त्याच्या नेहमीच्या जागी.

खाली मैदानावरून पंच हात वर करून ओरडत होते. सगळं गाव मान वळवून खोपीकडे बघत होतं. खेळ कधीचा सुरू झाला होता, आणि माझं बोट बटणावर तसंच. अकरा सेकंद गेले म्हणे. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

नायेली माझ्या हातावरून वाकली आणि तिने घड्याळ सुरू केलं.